ऑनलाइन तास की वर्गातला तास? अनुभव लिहा, पण नेमका

‘ऑनलाइन बरं’ किंवा ‘वर्गाची सर नाही’ एवढ्यावर थांबू नका. विषय कोणता, तासाचा कोणता भाग, काय बिघडतं आणि का, ते लिहा. आठवणी नकोत. दुसऱ्याला उद्या वापरता येईल असं काही हवं.

रसायनशास्त्र, पदवीचं दुसरं वर्ष

अनुमापन (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजणं, म्हणजे टायट्रेशन) पडद्यावर बघून समजतं, पण येत नाही. ब्युरेटवर, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या मोजनळीवर, खुणा ०.१ मिलीच्या असतात आणि वाचन ०.०५ मिलीपर्यंत घ्यायचं असतं. डोळा द्रवाच्या पातळीला समांतर नसला की आकडा चुकतो. व्हिडिओत कॅमेरा आधीच योग्य उंचीवर लावलेला असतो, त्यामुळे वाकून पातळी गाठायची सवय लागतच नाही. डाव्या हाताने तोटी आणि उजव्याने चंबू गोल हलवत राहायचा, शेवटी थेंब अर्धाच सोडून चंबूच्या आतल्या कडेला टेकवायचा आणि पाण्याने खाली उतरवायचा, हे सगळं बोटांचं काम. प्रयोग पुरा झाल्याचं रंगाने दाखवणाऱ्या फिनॉल्फथॅलीनचा फिका गुलाबी रंग हलवल्यावरही साधारण ३० सेकंद टिकायला हवा. पडद्यावर तो ब्राइटनेसप्रमाणे कधी पांढरा, कधी गडद दिसतो. पडदा बघून शिकलेला हात हमखास पुढे जातो, गडद गुलाबी करून बसतो.

पण आकडेमोड, समीकरणं, तोंडी परीक्षेची तयारी? ती ऑनलाइनच बरी. आणि प्रयोगाचा व्हिडिओ आदल्या रात्री बघून ठेवला की प्रयोगशाळेतला पहिला अर्धा तास ‘आता काय करायचं’ विचारण्यात जात नाही.

शिकवणाऱ्या बाजूने, अर्थशास्त्र

‘मुलं ऑनलाइन बोलतच नाहीत’ ही तक्रार निम्मी यंत्राची आहे. समोरासमोर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी ०.२ सेकंद लागतात. नेटवर आवाज जाऊन यायलाच तेवढा वेळ सहज जातो, म्हणून दोघं एकदम बोलतात, दोघं थांबतात, ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’, आणि तिसरा ठरवतो की गप्प बसलेलं बरं. त्यात माइकचं बटण शोधायचं. शिक्षक तीन सेकंद थांबतात आणि ‘चला, कळलं तर’ म्हणून पुढे जातात.

यावर दोन गोष्टी चालतात. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजायचं. ते फार लांब वाटतं, पण मोजायचं. दुसरी: सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहायचं, पण सांगेपर्यंत पाठवायचं नाही, मग ‘आता’ म्हटलं की एकदम. पहिल्याचं बघून दुसऱ्याने उतरवायचा प्रश्नच उरत नाही आणि चुकलेलं उत्तर गर्दीत लपतं, म्हणून लाजणारेही लिहितात. ‘कळलं का?’ हा प्रश्न मात्र दोन्हीकडे निरुपयोगी. ‘तिसऱ्या पायरीत वजा चिन्ह कुठून आलं?’ असं विचारा.

संगणकशास्त्र

डेटाचा हिशोब: व्हिडिओला सेकंदाला १.५ मेगाबिट धरले तर तासाला सुमारे ६७५ एमबी (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). नुसत्या आवाजाला १०० किलोबिट धरले तर ४५ एमबी. स्वतःचा कॅमेरा बंद केला की फक्त जाणारा डेटा वाचतो, येणारा व्हिडिओ तसाच खातो. तो वेगळ्या सेटिंगमधून बंद करावा लागतो. कॅमेरा सक्तीचा करणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

गणित

स्लाइडवर अख्खी सिद्धता एका क्लिकने उगवते. फळ्यावर ती लिहायला शिकवणाऱ्याला जो वेळ लागतो, तोच आपला उतरवायचा आणि विचार करायचा वेळ. ऑनलाइन तासात तो वेळ परत आणायला महागडं काही लागत नाही. पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, कॅमेरा खाली, कागदापासून ३० ते ४० सेंटिमीटर. दिवा बाजूने ठेवा, डोक्यावर असला तर फोनचीच सावली पडते. जाड काळं पेन, पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नाही. फोन दुसरा सदस्य म्हणून जोडला तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिटी.

वरच्यालाच जोडून

रेकॉर्डिंग असलं की तास चुकवायचा मोह होतो. दीडपट वेगाने ६० मिनिटांचा तास ४० मिनिटांत संपतो खरा, पण टिपणं काढताना थांबवत गेलं की पुन्हा तासभरच लागतो. पाच तास साठले म्हणजे पाच तासांचं काम साठलं, दीडपट वेगाच्या भरवशावर राहू नये.

शास्त्रीय गायन

कॉलवरची ‘गोंगाट कमी करा’ ही सोय तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजते आणि कापते. ती आधी बंद करा. एकत्र गाणं-वाजवणं मात्र विसरा. आवाज पोहोचायचा उशीर सुमारे ३० मिलिसेकंदांच्या वर गेला की लय ओढायला लागते. गुरूने गावं, मग शिष्याने, एवढंच जमतं.

निम्मे वर्गात, निम्मे घरी

सगळ्यांत वाईट प्रकार. माइक शिक्षकांजवळ, प्रश्न शेवटच्या बाकावरून. घरच्यांना फक्त उत्तर ऐकू येतं. शिक्षकांनी प्रत्येक प्रश्न माइकवर पुन्हा म्हणावा, आणि घरच्यांचं चॅट वाचायचं काम वर्गातल्या एकाला द्यावं, दर तासाला वेगळ्याला.

मानसशास्त्र, पदव्युत्तर

वर्गात तास संपतो तेव्हा खरं काम सुरू होतं. टेबलापाशी चार जण घुटमळतात, एक जण विचारतो आणि तीन जणांची तीच शंका सुटते. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणंही त्यातलंच. ऑनलाइन एक बटण दाबलं की सगळे नाहीसे, आणि एकटं पडल्यासारखं वाटतं ते बहुधा तिथेच. उपाय साधा: तास दहा मिनिटं आधी संपवा, दुवा चालू ठेवा, ज्यांना जायचं ते जातील. रेकॉर्डिंग बंद करा आणि बंद केलंय हे तोंडाने सांगा. कोपऱ्यातली खूण गेल्याचं फोनवर बघणाऱ्याच्या लक्षात येतंच असं नाही, आणि तोवर कोणी तोंड उघडत नाही.