मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या लेकरांचं नाटक आणि नाच

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडं आहे. २६ जानेवारीला या लेकरांचं छोटं नाटक आणि एक नाच बसवायचाय. स्पीकरवर सिनेमाचं गाणं लावायचं, मी पुढं हातवारे करायचे आणि लेकरांनी नक्कल करायची, हे मला नकोय. त्यात लेकरं सगळा वेळ माझ्याकडंच बघत राहतात.

मोठी अडचण ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात, पण कोण राहणार हे निघेपर्यंत नक्की नसतं. ज्याला राजा करावा तोच ट्रॅक्टरमध्ये बसून जातो. म्हणजे ठरलेली पात्रं आणि पाठ केलेले संवाद जमणारच नाहीत.

आणि गंमत बघा, मधल्या सुट्टीत हीच लेकरं लिंबाखाली काय सुंदर नाटक खेळायलेत! एक मुकादम (टोळी नेणारा), दोघं बैल, मोजपट्टीचा कोयता. उचलीवरून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवरून, भांडण होतं, उसाच्या मोळ्या बांधल्या जातात, कोपीत (झोपडीत) भाकरी थापल्या जातात. कुणी शिकवलेलं नाही. मी जवळ गेले की सगळे गप्प. हाच खेळ गावासमोर आणावा असं फार वाटतं. पण मी हात घातला तर त्यातला जीव जाईल का? आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना आपलं दुखणं चव्हाट्यावर मांडलं असं तर वाटणार नाही ना?

बंजारा तांड्यावरच्या लेकरांचंही सांगते. घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलणारी ही मुलं मराठी संवाद दिला की मान खाली घालतात. नाचात मात्र सगळ्यांत पुढं.

नाचासाठी नागपंचमीचा फेर डोक्यात आहे. मुलींना तो आज्यांकडून येतो. मुलगे मात्र 'हे पोरींचं' म्हणून बाजूला होतात. डावं-उजवंही अजून पक्कं नाही. गावातले एक काका हलगी वाजवायला तयार आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षांसाठी खेळातून शिकण्यावर भर आहे, त्यामुळं मुख्याध्यापकांचीही ना नाही. लहानग्यांसोबत असं काही केलेल्यांनी सांगा, सुरुवात कशी करू?

प्रतिसाद १
ताई, मी लातूरकडचा, प्राथमिकलाच आहे. पात्र एका लेकराला देऊच नका, घोळक्याला द्या. चार जण मिळून मुकादम, बाकी सगळी टोळी. एखादा गेला तरी नाटक अडत नाही. गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मधेच प्रश्न विचारतो आणि झील धरणारे ओळ उचलतात. हाच साचा घ्या. सांगणाऱ्या तुम्ही व्हा, पण मुद्दाम चुकीचं सांगा. "मग बैलांनी भाकरी थापल्या" म्हटलं की सगळी लेकरं ओरडून दुरुस्त करतात. तोच त्यांचा संवाद, पाठांतर नको.

डावं-उजवं म्हणूच नका. "लिंबाकडं", "हापशाकडं" म्हणा. नाचाआधी रोज थोडा वेळ हलगीवर चालणं घ्या: ठोका थांबला की पुतळा. हलगी काकांच्या हातून मुलग्यांच्या हाती गेली की तेही फेरात येतात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद २
म्हाताऱ्यांना काय वाटेल, या तुमच्या शंकेबद्दल. संत एकनाथांनी १६ व्या शतकात पैठणात भारुडांमध्ये वासुदेव, जोशी, गोंधळी अशी दारावर येणारी माणसंच उभी केली. रोजचं माणूस मंचावर आलं की लोकांना ते आपलं वाटतं. तरी आधी दोन-चार आज्यांना शाळेत बोलावून दाखवा. त्या सांगतील काय ठेवायचं, काय नाही. उचलीचं भांडण मात्र कुणा खऱ्या मुकादमाच्या लकबीवर जाऊ देऊ नका, गाव लहान असतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मुद्दाम चुकीचं सांगायची युक्ती आजच शेवटच्या तासिकेत केली. तांड्यावरचा एक मुलगा गोरमाटीत ओरडून मला दुरुस्त करायला लागला, आणि बाकीच्यांना कळलंही. ते वाक्य तसंच ठेवणार. आज्यांना या शनिवारी बोलावते. आता एकच सांगा: फेराची चाल हलगीवर बसवताना ती फार जलद होतेय, लेकरांची पावलं मागं पडतात. काकांना ठेका कमी करायला सांगू, की सोबत टाळ देऊ?