डोंगरउताराच्या मुरमाड रानात वाईनची द्राक्षं जमतील का?

माळकरी_तासगाव: मणेराजुरीकडं डोंगराच्या पायथ्याला आमचं दीड एकर रान आहे, वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. खालच्या काळ्या रानात सोनाका द्राक्ष आहे, सगळा बेदाण्याला जातो. वर शिराझ, म्हणजे लाल वाईनचं द्राक्ष, लावायचा विचार चाललाय. मातीची चव वाईनमध्ये उतरते म्हणतात, ते कितपत खरं? आणि हलक्या रानात माल निघणार का?

द्राक्षबाग_पलूस: दादा, दगडाची चव रसात उतरत नाही, मातीचं काम पाण्यातून होतं. काळं रान ओल धरून ठेवतं मग वेल नुसती शेंडे काढत बसते आणि मणी फुगतात, मुरमात पाणी लगेच निचरतं त्यामुळं मणी बारीक राहतो, रसाच्या मानानं साल जास्त येते आणि लाल वाईनचा रंग अन् तुरटपणा सालीतनंच येतो. खाण्याच्या द्राक्षाला आपण जीएमध्ये (मणी वाढवणारं जिबरेलिक आम्ल) घड बुडवून मणी फुगवतो, इथं बरोबर उलटं. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून रंग धरू लागला, की ड्रिप कमी करत आणायचं, पण पानं वाळू द्यायची नाहीत, पानं गेली की साखर भरत नाही. खुंट, म्हणजे ज्याच्यावर कलम करतात ते मुळाकडचं झाड, ११०आर जातीचं बघा, डॉगरिज खुंट वेलीला फार जोर देतो.

शिवार_कवठेमहांकाळ: एकरी ४-५ टनाच्या वर माल धरू नका, जादाचे घड लहान असतानाच काढा. जीव तुटतो काढताना, पण झाडावर ओझं राहिलं तर २२-२४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) गाठता गाठता मार्च उजाडतो आणि उन्हात आंबटपणा जळून जातो, मग वाईन सपक लागते. ऑक्टोबर छाटणी लांबवू नका, घड पक्व होताना रात्री गार पाहिजेत. उतार पूर्वेला असेल तर लईच चांगलं, सकाळच्या उन्हानं दव लवकर सुकतं, डाऊनी (केवडा) रोगाचा त्रास कमी. बोद (वेली लावायचे मातीचे उंच वरंबे) मात्र उताराला आडवे घ्या, नाहीतर आहे ती मातीपण वळवात वाहून जाईल. चुनखड आहे का? असली तर पानं पिवळी पडतात, माती तपासूनच रोपं सांगा.

माळकरी_तासगाव: उतार पूर्वेलाच आहे. चुनखड बांधाकडंला दिसते, तेवढा पट्टा सोडून लावतो मग.

द्राक्षबाग_पलूस: सोडाच तो. आणि रोपं सांगायच्या आधी वायनरीशी लेखी करार करा, शिराझ बाजारात खायला कोण घेत नाही आणि बी असल्यामुळं बेदाण्यालाही चालत नाही.