मदत हवी आहे: ड्यूनाला निघालेल्या यानाचा नोड बनत नाही (आजच हवंय)

निशाचर:
कर्बल स्पेस प्रोग्राम या गेममध्ये ड्यूना ग्रहाकडे यान पाठवतोय. केओएस (यान चालवायचा प्रोग्राम लिहू देणारा मॉड, म्हणजे गेमला जोडायची भर) मधली माझी ट्रान्सफरची स्क्रिप्ट नोड (इंजिन कधी, किती चालवायचं याची नकाशावरची खूण) जोडायच्या ओळीवर येऊन थांबते. लाल अक्षरं येतात, मग काहीच नाही. यान १०० किमीच्या कक्षेत आहे, इंधन भरपूर आहे. स्क्रिप्ट बरोबर आहे, मागच्या महिन्यात हीच चालली होती. ड्यूनाची विंडो, म्हणजे निघायची योग्य वेळ, दोन-तीन दिवसांत जाईल आणि पुढची यायला कर्बिनचे (गेममधल्या पृथ्वीचे) ९०० हून जास्त दिवस लागतात. लेकीला आज संध्याकाळी यान निघताना दाखवीन म्हणून शब्द दिलाय. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा.

खगोलवेडी:
लाल अक्षरांत नेमकं काय लिहिलंय? गेमची आवृत्ती कुठली? मॉड कुठले? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निशाचर:
कर्बल स्पेस प्रोग्राम, पहिलाच, शेवटची आवृत्ती. यानावर चार सोलर पॅनेल, मोठा अँटेना, टेरिअर इंजिन. वजन २० टनांच्या आसपास.

खगोलवेडी:
अहो, अक्षरं विचारली मी.

मेकजेबप्रेमी:
केओएस सोडा. यान आपोआप चालवणारा मेकजेब मॉड टाका, त्यातला नोड लावून देणारा मॅन्युव्हर प्लॅनर उघडा, दुसऱ्या ग्रहावर जायचा पर्याय निवडा, बटण दाबा. मी सहा वर्षं हेच करतोय. हाताने गणितं करत बसलो असतो तर अजून कर्बिनच्या चंद्रावर, ‘मन’वरच घिरट्या घालत असतो.

ध्रुवतारा:
यात शिकणं कुठे आलं? केओएसमध्ये माणूस स्वतः लिहितो: ड्यूना कर्बिनच्या किती पुढे आहे, कधी निघायचं, किती वेग वाढवायचा. ड्यूना ४४ अंश पुढे असताना निघायचं हे मला स्क्रिप्ट लिहितानाच कळलं, आणि का ते कळल्यावर त्या रात्री झोप आली नाही.

मेकजेबप्रेमी:
इस्रोचे लोक काय कागदावर आकडेमोड करून यान सोडतात? तिथेही संगणकच करतो.

ध्रुवतारा:
त्या संगणकात काय घालायचं हे ज्यांना कळतं, तेच तिथे बसतात. माझा मुद्दा तोच आहे.

बंडूकाका:
इस्रोचा विषय निघालाच आहे म्हणून मंगळयानाचं सांगतो. ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्ही-सी२५ ने ते उडालं. थेट मंगळाकडे नाही गेलं. यानावरचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे अगदी कमी जोराचं. म्हणून पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने ताणत नेली आणि १ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर इंजिन २२ मिनिटांच्या आसपास चालवून ते सूर्याभोवतीच्या कक्षेत ढकललं. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती स्थिरावलं. मी त्या सकाळी टीव्हीसमोर उभा होतो, बसवेना. आणि बघा, कर्बिन-ड्यूनाच्या कक्षांचं गुणोत्तर पृथ्वी-मंगळासारखंच आहे, १.५२. म्हणून ४४ अंशांचा कोन दोन्हीकडे तोच.

निशाचर:
काका, माहिती सुंदर आहे, पण माझा नोड बनत नाहीये. मेकजेबही टाकून पाहिलं आत्ता. प्लॅनर यादीतच दिसत नाही.

रानवारा:
ड्यूनावर उतरताना पॅराशूटवर विसंबू नका. हवा फार विरळ आहे, वातावरण ५० किमीलाच संपतं. २० टनांचं यान नुसत्या पॅराशूटवर आपटेल. शेवटच्या टप्प्यात इंजिन चालवावंच लागतं. माझी तीन यानं गेलीत.

निशाचर:
उतरायचं नाहीच आहे. कक्षेत फिरवायचंय.

खगोलवेडी:
प्लॅनर यादीत दिसत नाही म्हणालात. निशाचर, तुम्ही करिअर मोडमध्ये, म्हणजे पैसे आणि तंत्रज्ञान मिळवत जायच्या प्रकारात, खेळताय का? तिथे मेकजेबची साधनं तंत्रज्ञान घेत जाल तशी उघडतात. आणि ती लाल अक्षरं टाका हो कृपा करून.

निशाचर:
करिअरच. ते सांगायचं काय त्यात? लाल अक्षरांत कुठल्यातरी इमारती वाढवायला हव्यात असं लिहिलंय. मी यान उडवतोय, इमारत बांधत नाहीये, म्हणून लक्ष दिलं नाही. ट्रॅकिंग स्टेशन तर मी वाढवलंय, नकाशावर मनच्या प्रभावक्षेत्रातून (जिथे त्याचं गुरुत्व चालतं तिथून) जाणारा मार्गही दिसतो.

खगोलवेडी:
सापडलं! नोडसाठी दोन इमारती दुसऱ्या पातळीवर लागतात: ट्रॅकिंग स्टेशन आणि मिशन कंट्रोल. पहिलीने पुढचा मार्ग दिसतो, दुसरीने नोड लावता येतात. मिशन कंट्रोल पहिल्याच पातळीवर असणार तुमचं. नकाशात माउसने नोड लावून बघा, तोही लागणार नाही. मागच्या महिन्यात चाललेली सेव्ह सँडबॉक्सची, म्हणजे सगळं आधीच उघडं असलेल्या प्रकारातली, होती ना?

निशाचर:
हो. सँडबॉक्सचीच. माउसनेही लागत नाही. पण सगळे पैसे ट्रॅकिंग स्टेशनवर गेले.

ध्रुवतारा:
मग नोडशिवाय जा. मार्ग दिसतोय ना, तेवढं पुरे. ड्यूना टार्गेट करा, नकाशा उघडा ठेवा आणि कक्षेच्या दिशेनेच बर्न करा, म्हणजे इंजिन चालवा. फक्त कर्बिन सूर्याभोवती ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने यान प्रभावक्षेत्राबाहेर पडेल अशी जागा कक्षेत निवडा. वेग १०५० ते १०६० मी/सेच्या सुमारास वाढला की मार्गाची रेघ ड्यूनाच्या कक्षेला टेकते. थोडं आधी हात हलका करा.

मेकजेबप्रेमी:
आधी सेव्ह करा. जागा पाच अंशांनी चुकली तरी इंधन वाया जातं.

खगोलवेडी:
किंवा पैसे मिळवा. मनभोवती एखादा जुना उपग्रह फिरतोय का? थर्मामीटर आणि अँटेना असला तर ‘मनच्या अवकाशातून माहिती पाठवा’ हे कंत्राट घ्या, बसल्या जागी पूर्ण होतं. घेऊन लगेच इमारत वाढवा, बांधकामाला वेळ लागत नाही, विंडो जाणार नाही.

बंडूकाका:
२० टन आणि टेरिअर म्हणजे बर्न पाचेक मिनिटांचा होईल. मंगळयानासारखा तुकड्यांत करा. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाला थोडा थोडा.

निशाचर:
उपग्रह होता! दोन कंत्राटं घेतली, मिशन कंट्रोल वाढवलं, स्क्रिप्ट पहिल्या फटक्यात चालली. काकांचं ऐकून बर्न तीन तुकड्यांत केला. लेक शेजारीच होती, शेवटच्या तुकड्याला स्पेसबार तिनेच दाबला. खगोलवेडी, मनापासून आभार, तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हाच अक्षरं टाकायला हवी होती. आता एकच: ड्यूनाजवळ पोचताना मार्ग मध्येच त्याच्या चंद्राकडे, आइककडे वळलेला दिसतोय.

रानवारा:
आइक मध्ये येतोच, त्याचं प्रभावक्षेत्र मोठं आहे. अर्ध्या वाटेवर पाच-सहा मी/सेचा छोटा बर्न करा, चुकवता येईल. तिथून जवळ गेल्यावर करू म्हणाल तर दहापट इंधन लागेल.

निशाचर:
अर्धी वाट उद्या. ती झोपलीये.