सोलरवरचा ट्रेल कॅमेरा पहाटे तीनलाच मान टाकतो

कादवाकाठ (ता. निफाड)
राम राम मंडळी. आमच्या द्राक्षबागेला खेटून भावकीचा ऊस आहे. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे बाराला मोटार चालू करायला जाणं आलंच. मागच्या पंधरवड्यात बांधावर बिबट्याचे पंजे उमटलेले दिसले. आईनं सांगितलं, एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. म्हणून सिमवाला ट्रेल कॅमेरा घेतला, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढून मोबाईलवर पाठवणारा.

आठ पेन्सिल सेल लागतात. साधे आठ दिवसांत संपले. रिचार्जेबल टाकले तर फुल चार्ज असूनही 'बॅटरी लो'. शेवटी पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअरची जुनी बॅटरी आणि १० वॉटचं पॅनल जोडलं. तरी चौथ्या दिवशी पहाटे तीनला बंद. २० वॉटचं पॅनल घेऊ का?

अंबडचा मिस्त्री
भाऊ, पॅनलचे पैसे खिशातच राहू द्या. साधा सेल दीड व्होल्टचा, आठ मिळून १२. रिचार्जेबल १.२ चा, आठ मिळून ९.६. कॅमेऱ्याला वाटतं सेल मेले, सेलचा काही दोष नाही.

आता बॅटरी. कागदावर १२ गुणिले ८, म्हणजे ९६ वॉट-अवर साठा. पण अशी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हातात ४८. तुमची तर पंपावर घासून आलेली. तीन गोष्टी सांगा : मध्ये चार्ज कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारा करंट आवरणारा डबा) आहे का, पॅनलचं तोंड कुठे, आणि दिवसाला फोटो किती?

कादवाकाठ
कंट्रोलर नाही, थेट जोडलंय. पॅनल बांधावरच्या बाभळीला, पूर्वेकडे. फोटो आत्ता मोजले, काल ४१२. निम्म्याहून जास्त दुपारी ११ ते ४ मधले, सगळी उसाची पाती!

अंबडचा मिस्त्री
चोर सापडला. सेन्सर उष्णता आणि हालचाल बघतो. तापलेली पाती वाऱ्यानं हलली की त्याला जनावरच वाटतं. एक फोटो पाठवायला मोडेम अर्धा-पाऊण मिनिट जागा राहतो, ४०० फोटोंचे सव्वातीन ते पाच तास झाले. रेंज कमी असेल तर आणखी. दुपारनंतर पॅनल उसाच्या सावलीत, म्हणजे भरणा नाही. रात्री अंधारात फोटो काढायचे इन्फ्रारेड दिवे उरलंसुरलं पितात.

आणि थेट जोडू नका. १२ व्होल्टचं म्हणून विकतात ते पॅनल काही न जोडता मोकळं असताना २० व्होल्टच्या वर दाखवतं. बॅटरी उकळेल.

त्र्यंबककर
माझा अनुभव पावसाळ्यातला. आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पॅनल कितीही मोठं असो, साठाच कामाला येतो. मी लिथियम फॉस्फेटची बॅटरी घेतली, तिचा बहुतेक साठा वापरता येतो. फक्त कंट्रोलरवर त्याच बॅटरीचं सेटिंग हवं. आपण २० अक्षांशावर, हिवाळ्यात पॅनल दक्षिणेला ३०-३५ अंश कलतं ठेवा.

आणि बिबट्या दिसलाच तर फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका, बघ्यांची जत्रा भरते. वनखात्याला १९२६ वर कळवा.

कादवाकाठ
दहा दिवसांनी सांगतोय. कॅमेरा उसाकडून फिरवून पायवाटेकडे केला, चालू राहायची वेळ संध्याकाळी ६ ते सकाळी ७. पॅनल बागेच्या लोखंडी अँगलवर, दक्षिणेला. तिथे नवीच भानगड : छाटणीनंतर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारला तेव्हा काचेवर निळसर-पांढरा थर बसला. आता फवारणीआधी पोतं टाकतो, नंतर ओल्या फडक्यानं पुसतो. कंट्रोलर आणि लिथियम फॉस्फेट बॅटरी बसवली, पॅनल तेच १० वॉटचं. एकदाही बंद पडला नाही.

काल रात्री फोटो ९. आठ आमच्याच कुत्र्याचे. नववा भावकीतल्या काकांचा, रात्री दोनला, आमच्या पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी वाकलेले. त्यावर वेगळा धागा काढतो.