पुरा बेलप्रे यांचे कागद न्यू यॉर्कमध्येच राहावेत का?

मधुमालती

पुरा बेलप्रे हे नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही. लॅटिनो लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांना १९९६ पासून अमेरिकेत त्यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो, तेवढ्यापुरतं ते कानावर पडतं. म्हणून आधी थोडी ओळख.

जन्म पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या सिद्रा गावचा. साल कुठे १८९९, कुठे १९०१, तर कुठे १९०३ दिलेलं सापडतं. शिक्षिका व्हायचं म्हणून बेटावरच्या विद्यापीठात नाव घातलं होतं. बहिणीच्या लग्नासाठी न्यू यॉर्कला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. १९२१ मध्ये हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात लागल्या. वस्तीत स्पॅनिश बोलणारी बिऱ्हाडं वाढत होती आणि शाखाप्रमुख अर्नेस्टीन रोझ यांना त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस हवं होतं. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या त्या पहिल्या पोर्तोरिकन ग्रंथपाल. तिथल्या लोककथांच्या कपाटात देशोदेशीच्या गोष्टी होत्या, पण आजीच्या तोंडून ऐकलेली एकही नव्हती. मग झुरळताई मार्टिना आणि उंदीरराव पेरेझ यांची गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून काढली. ‘पेरेझ आणि मार्टिना’ हे पुस्तक १९३२ मध्ये आलं. १९८२ मध्ये त्या गेल्या.

त्यांचे मसुदे, पत्रं, भाषणं, फोटो हंटर कॉलेजच्या पोर्तोरिकन अभ्यास केंद्रात आहेत. त्याला सगळे ‘सेंट्रो’च म्हणतात. ओळखीतल्या एकांनी नुकतंच मला ठासून सांगितलं, की हे कागद पोर्तो रिकोला परत गेले पाहिजेत. मला हे मुळीच पटत नाही.

बेलप्रे पुढे ग्रंथालयाच्या ज्या अगिलार शाखेत होत्या ती ईस्ट ११०व्या रस्त्यावर. सेंट्रोचं ग्रंथालय थर्ड अव्हेन्यूवर, ११९व्या रस्त्याशी. म्हणजे त्यांच्या कामाची जागा आणि त्यांचे कागद यांत चालत जाण्याइतकं अंतर आहे. लेखकाच्या कागदांना याहून योग्य पत्ता कोणता? त्यांची सगळी पुस्तकं ग्रंथालयात समोर बसलेल्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. ती मुलं न्यू यॉर्कची होती, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आजही या शहरात शाळेत जातात.

नाखवा

तीव्र असहमत.

गोष्टी बेटाच्या. सांगणारी आजी बेटाची. पुस्तक मात्र न्यू यॉर्कमध्ये, इंग्रजीत. स्पॅनिश आवृत्ती आली १९६६ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी. पुरस्कारही मुख्य भूमीवरच्या संस्थांचा. आता कागदही तिकडेच राहू देत म्हणताय. मग बेटाच्या वाट्याला काय? एक जन्मगाव, आणि तेही वादातल्या सालासकट.

सिद्रातल्या एखाद्या शिक्षिकेला बेलप्रेंचा मूळ मसुदा पाहायचा असेल, तर तिने विमानाचं तिकीट काढायचं, न्यू यॉर्कच्या भाड्याच्या खोलीत राहायचं आणि वाचनकक्षाची वेळ आधी मागून घ्यायची. न्यू यॉर्कच्या संशोधकाला मात्र बस पुरते. याला योग्य पत्ता म्हणणं मला जड जातं.

आणखी एक. त्यांना सरसकट ‘स्थलांतरित लेखिका’ म्हटलं जातं. अमेरिकेने बेट १८९८ मध्ये घेतलं आणि १९१७ च्या कायद्याने तिथल्या लोकांना नागरिकत्व दिलं. बेलप्रे न्यू यॉर्कला आल्या त्या नागरिक म्हणूनच. ताब्यातल्या बेटावरून सत्ताधाऱ्यांच्या शहरात माणसं आली, गोष्टी आल्या, कागद आले. हा ओघ एकाच दिशेचा आहे आणि तुम्ही त्याला पत्ता शोधून देताय.

मधुमालती

नाखवा, ओघ एकाच दिशेचा होता हे खरं. पण सेंट्रो म्हणजे सत्ताधाऱ्यांचं दप्तर नव्हे. हंटर कॉलेज ज्या सिटी युनिव्हर्सिटीचा भाग आहे, तिथल्या पोर्तोरिकन विद्यार्थी-प्राध्यापकांनी आमचा इतिहास आम्हीच लिहिणार म्हणून रेटा लावला, तेव्हा १९७३ मध्ये ते उभं राहिलं. कागद परक्यांच्या हाती पडले असते तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. इथे ते आपल्याच माणसांकडे आहेत, फक्त ती माणसं ईस्ट हार्लेममध्ये राहतात.

कोनाडा

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून थोडं कामाच्या बाजूने लिहिते.

एखाद्याचे कागद आले की आम्ही ते विषयवार लावत नाही. त्या माणसाने ज्या क्रमाने ठेवले तोच क्रम शक्यतो राखतो, कारण कोणत्या पत्राशेजारी कोणता मसुदा होता यातूनही काही कळतं. शेजारच्या खोक्यांचंही तसंच. सेंट्रोमध्ये जेझुस कोलोन यांचेही कागद आहेत. कोलोन हे त्याच शहरातले पोर्तोरिकन कामगार-लेखक आणि कार्यकर्ते. दोघांचे कागद एका छताखाली असले की विसाव्या शतकातल्या न्यू यॉर्कची पोर्तोरिकन वस्ती अभ्यासकाला दोन बाजूंनी दिसते. एक संग्रह उचलून बेटावर नेलात तर तो एकटा पडेल.

आणि कागद नीट सांभाळले की काय होतं त्याचा पुरावाच आहे. १९४० च्या दशकात बेलप्रेंनी एक कादंबरी लिहिली होती, पोर्तो रिकोतल्या मळ्यावरच्या मुलीची. इंग्रजी नावाचा अर्थ ‘काजव्यांचा उन्हाळा’. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. १९९६ मध्ये ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको प्रेसने ती काढली. पुढे २०१३ मध्ये लिसा सांचेझ गोन्सालेस यांनी बेलप्रेंच्या कथा आणि लेखांचा मोठा संग्रह संपादित केला. तो प्रकाशित केला सेंट्रोनेच. त्यातलं बरंचसं लेखन तोवर कुणी वाचलेलंच नव्हतं.

सांजवेळ

+१ कोनाडा.

शिवाय हवामानाचं काय? २०१७ च्या मारिया वादळानंतर बेटावर कित्येक महिने वीज नव्हती. त्या दमट हवेत वातानुकूलन बंद पडलं की कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. भावना बाजूला ठेवून आधी कागद टिकतील कुठे ते बघा.

नाखवा

सांजवेळ, तुम्हाला सांभाळता येणार नाही, म्हणून आमच्याकडेच राहू द्या, हे वाक्य जगातल्या प्रत्येक मोठ्या संग्रहालयाने कधी ना कधी उच्चारलं आहे. २०१२ मध्ये सँडी वादळात मॅनहॅटनच्या दक्षिण भागात पाणी भरलं, वीज गेली. तेव्हा न्यू यॉर्कचे कागद बाहेर हलवा असं कुणी म्हटलं नाही. वीज नव्हती हा बेटाचा दोष नसून त्याच्या कर्जबाजारी, दुर्लक्षित वीजव्यवस्थेचा आहे. त्या दुर्लक्षाची शिक्षा पुन्हा बेटालाच द्यायची?

कोनाडाताई, तुमचा शेजारच्या खोक्यांचा मुद्दा मला पटतो. पण ती कादंबरीसुद्धा बेटावरची आहे. मळा बेटाचा, मुलगी बेटाची.

दगडफूल

तुम्ही सगळे कागद कुणाकडे असावेत यावर भांडताय. मला प्रश्न पडतो, की या कागदांना एवढं मोठं का करायचं?

या कथा बेलप्रेंनी रचलेल्या नाहीत. १९१४-१५ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जॉन आल्डन मेसन बेटावर फिरले. त्यांनी ढिगाने गोष्टी, कोडी, गाणी गोळा केली. बरीचशी तर शाळेतल्या मुलांनी लिहून दिलेली. अमेरिकेतल्या लोकसाहित्याच्या नियतकालिकात ती वर्षानुवर्षं छापून येत होती. म्हणजे १९३२ च्या आधी पोर्तोरिकन लोककथा कागदावर आलेल्या होत्या. मेसनना लिहून देणाऱ्या मुलांची नावं कुणाला माहीत आहेत? बेलप्रेंच्या आजीच्या नावाचा पुरस्कार कुठे आहे? लोककथा सगळ्यांची, आणि अभिलेखागार मात्र एकट्या बाईचं. ‘लेखिका’ हे बिरुद मला इथे अवाजवी वाटतं.

दुसरं, बेलप्रे मुळात सांगणाऱ्या होत्या. बाहुल्या बनवायच्या, त्यांचा खेळ करायच्या, आवाज बदलायच्या. टंकलेखनाच्या पानावर त्यातलं काय उतरलंय? खोक्यात उरतं ते त्यांच्या कामाचं सगळ्यात कोरडं रूप.

कोनाडा

दगडफूल, इथे मी अजिबात मागे हटणार नाही.

मेसनचा संग्रह मोलाचा आहेच. पण तो स्पॅनिशमध्ये, विद्वानांसाठी, नियतकालिकाच्या जाड अंकांत होता. ११५व्या रस्त्यावरच्या शाखेत आलेल्या नऊ वर्षांच्या पोराच्या हाती तो कधी पडला असता? बेलप्रेंनी निवड केली, वाक्यं घडवली, मुलांसमोर बोलून बघितली. त्यांच्या पुस्तकात पेरेझ उकळत्या भांड्यात पडतो आणि परत येत नाही. मार्टिना त्याच्यासाठी गात राहते. याच गोष्टीच्या काही रूपांत उंदीर पुन्हा जिवंत होतो. मुलांच्या पुस्तकात मरण तसंच ठेवायचं, हा निर्णय कुणीतरी एकीने घेतला ना? तोच लेखकाचा निर्णय. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी आपली म्हातारी सगळ्या महाराष्ट्राची आहे. म्हणून ती उत्तम लिहून काढणाऱ्या बाईला आपण लेखिका म्हणायचं नाही का?

कोरड्या रूपाबद्दल. त्या ग्रंथालयांत गोष्टीच्या तासाला मेणबत्ती लावायची पद्धत होती. गोष्ट संपली की एखादं मूल मनात इच्छा धरायचं आणि फुंकर मारून ती विझवायचं. हे आपल्याला कळतं ते कुणीतरी लिहून, जपून ठेवलं म्हणूनच. आवाज गेला हे खरं. पण बोलायच्या आधी बाईने कोणतं वाक्य खोडलं आणि कोणतं ठेवलं, ते फक्त मसुद्यात दिसतं. ग्रंथपालांच्या कामाचा माग तसाही पुसला जातो: वाढलेले वाचक आकडेवारीत जातात, सजवलेला कोपरा दुसऱ्या दिवशी आवरला जातो. बेलप्रेंनी १९४० मध्ये सिनसिनाटीच्या ग्रंथपालांच्या अधिवेशनात स्पॅनिशभाषक वाचकांमधल्या कामावर निबंध वाचला होता. लोककथेचा मुद्दा मान्य केला तरी हे काम कुणा आजीचं नव्हतं. ते बेलप्रेंचंच.

दगडफूल

ग्रंथपाल म्हणून त्यांचं मोठेपण मी नाकारलेलंच नाही. माझी हरकत लोककथेवर एकाच व्यक्तीचं नाव चढतं त्याला आहे, आणि ती कायम आहे. सूचीत निदान प्रत्येक कथेपुढे ती कुठून आली हे नोंदवायला हवं. आजी, गाव, शेजारीण, जे ठाऊक असेल ते. म्हणजे उद्या वाचणाऱ्याला कळेल की ही गोष्ट एका साखळीतून आली आहे.

सांजवेळ

मग स्कॅन करून सगळं सगळ्यांसाठी खुलं का करत नाही? सिद्रालाही मिळेल, हार्लेमलाही. वादच संपेल.

कोनाडा

सांजवेळ, इतकं सोपं असतं तर किती बरं. अमेरिकेच्या कायद्यात अप्रकाशित लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. बेलप्रे १९८२ मध्ये गेल्या, म्हणजे २०५२ संपेपर्यंत वारसांच्या परवानगीचा प्रश्न राहतो. पत्रांची गोष्ट तर वेगळीच: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. बेलप्रेंना आलेलं प्रत्येक पत्र जाळ्यावर टाकायचं तर ते लिहिणाऱ्यांचे वारस शोधायला हवेत. ज्यांची परवानगी मिळेल ते मसुदे आणि फोटो आधी खुले करावेत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मधुमालती

नाखवा, एक प्रश्न तुम्हाला. १३५व्या रस्त्यावरची जी शाखा बेलप्रेंची पहिली जागा, तिथेच आर्तुरो शोंबर्ग यांचा संग्रह आला. शोंबर्गही पोर्तो रिकोचे, सान हुआनचे. कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरची हजारो पुस्तकं आणि हस्तलिखितं त्यांनी जमवली होती. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १०,००० डॉलर्समधून ग्रंथालयाने ती घेतली. पुढे स्वतः शोंबर्गच त्यांची देखरेख करू लागले. आज त्यांच्या नावाचं केंद्र त्याच जागी आहे. तो संग्रह सान हुआनला परत न्या, असं तुम्ही म्हणाल का?

नाखवा

नाही म्हणणार, आणि कारण स्पष्ट आहे. शोंबर्गनी संग्रह जगभरातून जमवला, तो सगळ्या कृष्णवर्णीयांचा होता, आणि आपल्या हयातीत त्यांनी स्वतःच्या हाताने तो हार्लेमला दिला. बेलप्रेंच्या लेखनाचा गाभा एकाच बेटाचा आहे.

माझी मागणी आता नेमकी करतो. कायदेशीर मालकी सेंट्रोची राहू दे. पण सिद्राशी जोडलेले मसुदे, ती मळ्यावरची कादंबरी आणि आजीच्या कथांची टिपणं ठरावीक मुदतीने बेटावरच्या ग्रंथालयात प्रदर्शनाला आणि अभ्यासाला जावीत. मूळ कागद जावेत, प्रती नकोत. मोठमोठी संग्रहालयं चित्रं उसनी देतात, विमा उतरवतात, माणूस सोबत पाठवतात. कागदांसाठी हे अशक्य नाही.

मधुमालती

उसने देण्याला माझी हरकत नाही. ‘परत’ या मागणीला होती आणि आहे. मात्र कादंबरीचं हस्तलिखित पाठवाल तर त्याच काळातली पत्रंही सोबत जाऊ देत. नाहीतर ती इतकी वर्षं का पडून राहिली हे बेटावरच्या वाचकाला कळणारच नाही.

कोनाडा

पत्रं सोबत जाऊ शकतात, मूळ कागद दाखवायला मजकुराच्या हक्काची आडकाठी येत नाही. पण आधी प्रत्येक पानाची अवस्था तपासावी लागेल. त्या काळचा टंकलेखनाचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. नुसता उलटला तरी कडा तुटतात. प्रवास झेपेल असा कागद कोणता, हे तिथल्या जतन करणाऱ्यांनीच ठरवायचं.