मुंबई ते न्यूयॉर्क : अंतराच्या हिशेबाने चौदा तास, मग तिकिटावर सोळा का?

ठाणेकर :
माझी 71 वर्षांची आई जूनमध्ये प्रथमच एकटी भावाकडे न्यूयॉर्कला जाणार आहे. गुडघ्यांमुळे तिला फार वेळ बसवत नाही. हवाई अंतर सुमारे 12,530 किलोमीटर आहे. ताशी 900 किलोमीटर वेग धरला तर चौदा तास पुरायला हवेत. तरीही थेट विमानाला जाताना सुमारे सोळा आणि येताना साडेचौदा तास दाखवतात. असे का? आणि आईसाठी थेट विमान बरे की मध्ये थांबा असलेले?

सातारकर :
मुख्य कारण वारा. विमाने उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. शिवाय 12,530 हे पृथ्वीगोलावरचे सर्वांत जवळचे अंतर आहे. गोलावर दोरा ताणून पाहा : तो मुंबईहून वायव्येला निघून रशियावरून नॉर्वेजवळच्या समुद्रापर्यंत चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळतो. प्रत्यक्षात कोणत्या देशाचे आकाश खुले आहे त्यावर मार्ग ठरतो. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा अनेक पश्चिमेकडच्या उड्डाणांना वळसा पडला. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्याची मिनिटेही धरलेली असतात.

एडिसनकर :
थांब्यामुळे अंतर फारसे वाढत नाही. दुबईमार्गे सुमारे 12,940 आणि लंडनमार्गे 12,740 किलोमीटर होतात. वाढतो तो थांब्याचा वेळ, आणि खरी काळजी त्याचीच करावी. माझ्या सासूबाईंना मध्ये दीडच तास होता. पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा पोहोचले, पुन्हा सुरक्षा तपासणीची रांग लागली आणि पुढचे विमान निघून गेले. आमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मुठीत धरून त्यांनी ती रात्र खुर्चीत काढली. म्हणून आईंना थेट विमानानेच पाठवावे असे मी आग्रहाने सांगेन. ते शक्य नसेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्यावीत आणि मध्ये तीन-चार तास ठेवावेत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागावी आणि मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी, म्हणजे कोणाला न उठवता त्यांना फेरी मारता येईल.

ठाणेकर :
मनापासून आभार. थेट विमानच घेत आहोत. रात्री 2 ला निघून त्याच दिवशी सकाळी 8:30 ला पोहोचते हे पाहून आई म्हणाली, "साडेसहाच तास?"

सातारकर :
जूनमध्ये न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. तेथे 8:30 वाजतील तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे 6 वाजलेले असतील, म्हणजे प्रवास सोळा तासांचाच. त्या रक्तदाबाची वगैरे गोळी घेत असतील, तर वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात आणि पोहोचेपर्यंत मनगटावरचे घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्यावे.