मदत हवी आहे: गेममध्ये गाडी वळवली की चित्र मधोमध तुटतं

मंडळी, मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे (सेकंदाला ७५ वेळा रिफ्रेश होतो, म्हणजे चित्र नव्याने काढतो) आणि रेसिंग गेममध्ये एफपीएस (सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम्स) ९० ते ११० मिळतात. सरळ रस्त्यावर सगळं ठीक. पण गाडी झपकन वळवली की विजेच्या खांबाचा वरचा अर्धा भाग एकीकडे आणि खालचा बोटभर सरकलेला दिसतो. एका रिफ्रेशच्या मध्येच ग्राफिक्स कार्ड पुढची फ्रेम पाठवतं म्हणून असं होतं, एवढं कळलं.

व्ही-सिंक (कार्डला मॉनिटरच्या रिफ्रेशसाठी थांबायला लावणारी सेटिंग) चालू केलं की चित्र तुटल्याची रेघ जाते, पण स्टिअरिंग जड वाटतं. शिवाय गर्दीच्या ठिकाणी एफपीएस ७५ च्या खाली आले की थेट ३७ वर आपटतात. हे मला अजिबात चालणार नाही.

मॉनिटरला अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आहे (मॉनिटर आपला रिफ्रेश एफपीएसप्रमाणे बदलतो), रेंज ४८ ते ७५ हर्ट्झ. सध्या एचडीएमआय केबल लावली आहे. डिस्प्लेपोर्ट घेतली तरच ते चालेल का? आणि एफपीएस ७२ वर लॉक करून सोबत व्ही-सिंक चालू ठेवावं की बंद? ४८ च्या खाली गेल्यावर काय करता?

ज्यांनी ७५ हर्ट्झवर हे जमवलंय त्यांनी नेमकी सेटिंग्ज सांगा, प्लीज. नवीन मॉनिटर सध्या शक्य नाही.